दोन मुसळांमधली जागा

समोरच्या दाराला कुलूप लागलं त्या वर्षी मी आणखी कमी बोलू लागले. आधीच मी फारशी बोलत नसे. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, घरात मराठी, अशा तिन्ही भाषा मला यायच्या आणि तिन्ही भाषांत मला नीट गप्प बसता यायचं. आई मूळची सांगलीकडची. बाबांच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईला आलो तेव्हा मी जेमतेम चालत होते. आलेले पाहुणे आईला विचारत, "ही अशी का गं? बोलत का नाही?" त्यावर आई म्हणायची, "तिच्या मनात आलं की बोलते." मग ते पाहुणे माझ्या मनात काय येतंय ते बघायला माझ्याकडे टक लावून बसायचे आणि मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची. लहानपणी मी फार पाणी प्यायले.

वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारासमोर अक्काचं दार होतं. सगळी इमारत तिला टीचर म्हणायची, कारण ती महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. ती एकटी राहायची. आई बँकेतून यायला संध्याकाळ होई, त्यामुळे शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मी अक्काकडे. तिच्या घराला खडूचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत उंचावरून जाणारी लोकल दिसायची, म्हणजे पूर्ण गाडी कधीच नाही, एकेक डबा दिसायचा आणि संपायचा. अक्का मला वाटीत सुंडल द्यायची. उकडलेले हरभरे, वर ओलं खोबरं, फोडणीत कढीपत्ता. वाटी ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. "शाळेत काय झालं?" असं तिनं मला कधी विचारलं नाही. मोठ्या माणसांत असं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

टेबलावर मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकलीचा, एक पत्र्याचा डबा असे. मुलांच्या वह्या तपासताना अक्काचं डाव्या हाताचं नख त्या डब्यावर वाजायचं. ठक. मग थांबायचं. मग पुन्हा ठक. दोन ठोक्यांमध्ये ती जी जागा सोडायची ती इतकी सारखी असायची, की एके दिवशी गृहपाठ करता करता माझी पेन्सिल आपोआप त्या जागेत पडली. अक्कानं वर पाहिलं नाही. पण नख थांबलंही नाही. तिचा ठोका, माझा ठोका, तिचा ठोका. मी घाई केली की ती थांबून जायची, मी रेंगाळले की माझ्यासाठी खोळंबायची. असं आम्ही किती वर्षं करत होतो कुणास ठाऊक. त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द निघाला नाही. आई एकदा दारात येऊन म्हणाली, "टीचर, ही तुम्हाला त्रास देते का हो?" अक्का म्हणाली, "नाही मॅडम, आम्ही गप्पा मारतोय." आई हसली. तिला तो विनोद वाटला.

मग अक्काच्या गावाहून निरोप आला. तिची आई डोंगरातल्या घरात एकटी राहायची. मोतीबिंदूनं तिला दिसेनासं झालं होतं आणि एका उतारावर ती पडली होती. अक्का रजा घेऊन निघाली. दाराला कुलूप लावताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "महिन्याभरात येते, कण्णू." तमिळमध्ये लाडक्या पोराला कण्णू म्हणतात. मी तिच्या दारातल्या कढीपत्त्याला पाणी घालू लागले. महिना गेला, मग पाऊस गेला, पोंगल झाला. रजा वाढत गेली. माझी दहावीची परीक्षा संपली तेव्हा घरमालकानं आईला गाठलं. टीचर येणार आहेत की घर सोडणार आहेत, ते एकदा कळलं तर बरं, म्हणाला. आईनं घरी येऊन माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण दोघी जाऊन येऊ. पण विचारायचं तू. माझं ऐकणार नाहीत त्या, तुझं ऐकतील."

म्हणजे अक्काला परत आणण्याचं काम माझ्यावर आलं.

एग्मोरहून रात्रीची गाडी, सकाळी सेलम, तिथून बस, मग डोंगराच्या पायथ्याशी दुसरी बस. कोल्लीमलैचा घाट चढू लागल्यावर आईनं डोळे मिटून लिंबू नाकाशी धरलं. मी खिडकीशी बसून एक वाक्य पाठ करत होते. वांग अक्का, वीट्टुक्कु पोगलाम. चला अक्का, घरी जाऊ या. तसं ते अगदी साधं वाक्य. भाजीवालीसुद्धा रोज म्हणत असेल. पण मी ते प्रत्येक वळणावर एकदा मनात म्हणत होते, आणि प्रत्येक वळणावर ते थोडं परकं होत होतं. खाली उन्हानं पांढरं झालेलं मैदान दूर जात होतं. वर हवा बदलली. आधी गार झाली, मग तिला फणसाचा वास आला. उंच सरळ झाडांना मिऱ्याचे वेल चढलेले होते. चेन्नईत मे महिन्यात घराबाहेर पडणं ही शिक्षा असते, आणि इथे बसमधल्या बायकांनी शाली पांघरल्या होत्या.

बस थांबली तिथे एक बाई उभी होती. साडी वर खोचलेली, डोक्याला फडकं, पाय अनवाणी. मी तिच्या मागे अक्काला शोधत होते. ती बाईच "कण्णू" म्हणाली तेव्हा मला कळलं. चेन्नईतली अक्का छत्री काखेत धरून, कायम उशीर झाल्यासारखी चालायची. ही बाई आमच्या पिशव्या डोक्यावर घेऊन बांधावरून अशी चालत होती, की जणू वाट तिला ओळखत होती. मी मागून तिच्या टाचा बघत चालले. त्यांना भेगा पडल्या होत्या, आणि भेगांत लाल माती होती.

घर बुटकं, कौलारू. आत जायला वाकावं लागे. वाकून आत गेलं की आधी धुराचा वास, मग शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा. चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवलेली लाकडं. भिंतीपलीकडे शेळी खाकरायची, अगदी माणसासारखी. मला सगळ्यात आधी जाणवलं ते मात्र वेगळंच होतं. तिथे पंख्याचा आवाज नव्हता. जन्मभर माझ्या डोक्यावर कोणता ना कोणता पंखा फिरत आला होता. तो नाही म्हटल्यावर सगळं फार जवळून ऐकू येऊ लागलं. कौलावर पडलेलं पान, शेजारच्या घरातली बांगडी.

अक्काच्या आईला सगळे पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी त्यानं अंधुकच दिसे, आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आंबा बघावा तसा अंगठ्यानं दाबून पाहिला. "हीच का ती?" तिनं विचारलं. अक्का म्हणाली, "हीच." माझ्याबद्दल इथे काय सांगितलं गेलं होतं ते मला समजेना. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा मी इतकी लाजले नव्हते.

जेवायला केळीची पानं मांडली. पानावर पांढऱ्याशुभ्र भाताचा ढीग, त्यावर सांबार, बाजूला पापड. तो तांदूळ आमच्यासाठी मुद्दाम पायथ्याच्या बाजारातून आणवला होता, हे अक्कानं दोनदा सांगितलं. मी हात घातला. आईचा हात मात्र पानाशी जाऊन थांबला. तिनं मला मराठीत हळूच म्हटलं, "अगं, आज एकादशी. प्रवासात विसरलेच होते. भात कसा खाऊ मी?"

"मग सांग त्यांना."

"माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. तू सांग."

आणि मला बोलावं लागलं. मी पानाकडे बघत तमिळमध्ये सांगितलं की आज आमच्यात उपवासाचा दिवस असतो, आई भात खाणार नाही. अक्काचा चेहरा पडला. पाट्टीनं विचारलं, "आमच्या हातचं नको असं म्हणते का ती?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "भात चालत नाही. फक्त भात."

आई हे सगळं न कळता कळल्यासारखी बावरून इकडेतिकडे बघत होती. कोपऱ्यात एक सूप होतं, त्यात मूठभर बारीक दाणे. तिनं उठून ते तळव्यावर घेतले, उजेडात धरले, आणि तिचा चेहरा एकदम माहेरचा झाला. "अगं, हे तर वऱ्याचे तांदूळ! विचार त्यांना, हे शिजवतील का?"

ती सामै होती. त्या डोंगरावर उतारांच्या शेतांतून पिकते, आणि तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचाच भात खात आले आहेत. आमच्या घरी तिची बहीण शोभेल अशी भगर पुडीतून यायची आणि फक्त उपवासाला शिजायची. पण अक्का ओशाळून म्हणाली, "ते नको मॅडम. ते आमचं रोजचं. ते पाहुण्यांना कुणी वाढतं का?"

मी आईचं म्हणणं तमिळमध्ये केलं. हे आमच्याकडे देवाच्या दिवशी खातात. इतर दिवशी नाही, फक्त देवाच्या दिवशी.

पाट्टीनं ते ऐकलं, थोडा वेळ तोंड हलवत बसली, आणि मग हसायला लागली. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. "म्हणजे मी जन्मभर उपासच करत होते म्हणा की. आणि देवाच्या बापाला पत्ता नाही." अक्काही हसली. मी आईला सांगितल्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पाट्टी उठत म्हणाली, "सुपातली पुरायची नाही. चल गं, कांडू या."

अंगणात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. भिंतीला दोन मुसळं टेकवलेली, काळी पडलेली, मधोमध हातांनी झिजून बारीक झालेली. पाट्टीनं एक उचललं, अक्कानं दुसरं, आणि दोघी उखळाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी ओसरीच्या कडेला बसले. एकाच उखळात दोन मुसळं चालणार म्हणजे ती एकमेकांवर आपटतील असं मला वाटलं. पाट्टीचं मुसळ पडलं. ते वर उठत असताना अक्काचं पडलं. अक्काचं उठत असताना पाट्टीचं. ठक. ठक. ठक. ठक. एकीचा ठोका दुसरीच्या बरोबर मधोमध.

तो आवाज मी ओळखला, पण कळायला वेळ लागला. आधी हाताला कळलं. माझ्या उजव्या हाताची बोटं ओसरीच्या काठावर आपोआप हलली होती. मग कळलं. मुरुक्कूचा डबा. ते नख. दर ठोक्यानंतर सोडलेली ती जागा. चेन्नईच्या तिसऱ्या मजल्यावर, वह्या तपासताना, अक्का इतकी वर्षं अर्धंच कांडण कांडत होती आणि दुसरं अर्धं मोकळं ठेवत होती. ती जागा माझी नव्हती. माझ्या आधीपासून ती या म्हातारीची होती. मी फक्त तिथे बसले होते.

आजही मला ती दुपार आठवते तेव्हा नेमकं काय वाटलं होतं हे सांगता येत नाही. थोडं मत्सरासारखं होतं, थोडं कुणी आपलं गुपित मोठ्यानं वाचल्यासारखं. मी मराठी शाळेत शिकले नाही. आईनं सुट्ट्यांत पाटीवर शिकवली तेवढी. त्यामुळे काही शब्द मला सापडत नाहीत. इंग्रजीतही यासाठी शब्द सापडला नाही, म्हणून शोधणं सोडलं.

आतून पाणी उतू गेल्याचा आवाज आला. अक्का मुसळ भिंतीला टेकवून चुलीकडे धावली. पाट्टी थांबली नाही. ठक, आणि मग ती रिकामी जागा. ठक, आणि रिकामी जागा. ती घाई करून ती भरूनही काढत नव्हती. मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता मी कुठे उठून गेल्याचं मला आठवत नाही. मुसळ माझ्या अंदाजापेक्षा खूप जड होतं. खाली लोखंडी कडं होतं त्याला. मी ते उचललं, पाट्टीचा ठोका पडू दिला, आणि सोडलं.

ते जागेवर पडलं.

पाट्टीनं मान वळवली नाही. आम्ही कांडत राहिलो. दाणे उडून माझ्या पायांवर पडत होते, कोंड्याची पांढरी धूळ नाकात जात होती, दंड भरून आले होते, आणि मला थांबायचं नव्हतं. अक्का हातात फडकं घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. दारात तिची पावलं वाजली तशी पाट्टीच्या कपाळाला आठी पडली. मुसळ न थांबवता तिनं विचारलं, "तू तिथे, तर मग हे कोण?"

"कण्णू आहे, अम्मा."

"हिला कुणी शिकवलं?"

अक्कानं फडकं खांद्यावर टाकलं. "कुणी नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याजवळ बसायची. रोज."

पाट्टीनं मुसळ उभं धरलं आणि त्यावर हात टेकवून दम घेतला. मला म्हणाली, "ही शहरात गेली तसं मी एकटीनंच कांडलं. एकटीनं कांडायचं तर पटापट कांडून मोकळं व्हावं की नाही? पण हा हात मेला तिच्यासाठी थांबायचा. लोक म्हणायचे, म्हातारी हळू झाली." तिनं सुपात दाणे ओढले आणि पाखडायला लागली. "हळू नव्हते झाले मी."

अक्का आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या दिवशी आईनं सामै खाल्ली, ताक आणि मिरचीबरोबर. पाट्टीनं दर घासाला विचारलं, "देव खूश?" आणि आईनं दर घासाला मान डोलावली. पांढरा भात मी आणि शेळीनं संपवला. सामैचा एक घास आईनं मला दिला. भगरीहून जरा राठ, धुराच्या वासाची, आणि गोडसर. नंतर पुडीतली भगर खाताना मी तो वास शोधत राहिले.

सकाळी धुकं इतकं होतं की मिऱ्याचे वेल दिसत होते आणि झाडं दिसत नव्हती. अक्का आम्हाला बसपर्यंत सोडायला निघाली. आई काहीतरी निमित्त करून भराभर पुढे गेली. मला कळलं की ही माझ्यासाठी सोडलेली वेळ आहे. वाक्य तोंडाशी तयार होतं. चला अक्का, घरी जाऊ या. पण ज्या बाईच्या टाचांच्या भेगांत या वाटेची माती भरली होती, जिच्या घराचा धूर अजून मागे दिसत होता, तिला मी कुठल्या घरी चला म्हणणार होते? आणि तरीही मला म्हणायचं होतं. तो डबा आता कोण वाजवणार, असं मला ओरडून विचारायचं होतं.

"काहीतरी विचारायचं होतं ना तुला?" अक्का म्हणाली.

मी मान हलवली. मग म्हटलं, "पाट्टीचा दुसरा डोळा कधी?"

ती चालता चालता थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. "पावसाळ्यानंतर," म्हणाली. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून तिनं किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. किल्ली गरम होती. "घरमालकांना दे. सामान न्यायला मी माणूस पाठवते. कढीपत्ता आईंना ठेवू दे." आणि जरा पुढे गेल्यावर, "डबा तू घे."

परतीच्या वाटेवर आईनं विचारलं, "विचारलंस?" मी तिला किल्ली दाखवली. घाट उतरताना लिंबू नाकाशी धरून तिनं दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता.

आता मी तिशी ओलांडली आहे. आईबाबा सांगलीला परतले. मी त्याच घरात राहते आणि अंबत्तूरच्या एका ऑफिसात दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. तिथेही मी कमीच बोलते. तिथे याला फोकस म्हणतात. समोरच्या दारात पुण्याचं एक नवं जोडपं आलंय. गोड आहेत, "ताई, चहाला या" म्हणतात. मी एकदा गेले. त्यांच्या खिडकीतून अजूनही लोकलचा एकेकच डबा दिसतो. मुरुक्कूचा डबा माझ्या ओट्यावर आहे. मधूनच बोटं त्यावर पडतात, आणि हल्ली मला जाणवतं की जागा मी सोडते आहे.

पाट्टी गेल्याचं अक्कानं फोनवर सांगितलं. त्यांच्याकडे बसच्या थांब्यावरच्या झाडाखालीच रेंज येते, त्यामुळे ती बातमीसुद्धा तिला चालत येऊन द्यावी लागली. परवा तिचा पुन्हा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात गेले. आम्ही नेहमीचं बोललो, म्हणजे फारसं नाही. आणि मग ते वाक्य, घाटात पाठ केलेलं आणि धुक्यात गिळलेलं, माझ्या तोंडून असं निघून गेलं की मलाच दचकायला झालं. "वांग अक्का, वीट्टुक्कु पोगलाम."

पलीकडे वारा होता.

"मी घरीच आहे, कण्णू," ती म्हणाली. मग म्हणाली, "गावात गिरणी आली. सामै टाकली की झालं. उखळावर कोंबड्या बसतात."

मी फोन कानाला दाबून धरला. पलीकडचा वाराही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मग अगदी जवळ, कानाशी, नखाचा आवाज आला, फोनच्या पाठीवर वाजवलेला. ठक. मग ती थांबली.

जिन्याला लोखंडी कठडा होता. माझ्या हातात पेन होतं.